अमेरिकेत कर्णबधिर व्यक्तीने स्वतःचा फोन स्वतः कसा करावा

डॉक्टरची वेळ घेणं, हरवलेलं बँकेचं कार्ड बंद करणं, विम्याच्या दाव्याची चौकशी, मुलांच्या शाळेशी बोलणं: अमेरिकेत यातलं बरंचसं काम आजही फोनवरच होतं. घरात कोणी कर्णबधिर असेल, तर हे फोन ऐकू येणाऱ्या माणसाकडे जातात. मराठी घरांत हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. नवरा ऑफिसातून बायकोच्या वतीने क्लिनिकला फोन करतो. दहा वर्षांचा मुलगा आईच्या रिपोर्टबद्दल नर्सशी बोलतो. माझी वहिनी कर्णबधिर आहे, पुण्याहून न्यू जर्सीला आलेली. पाळीच्या तक्रारी आधी दिराला लिहून दाखवायच्या आणि मग त्याने त्या नर्सला सांगायच्या, हे कोणत्याही बाईला नको असतं. तिलाही नको होतं.

यासाठी अमेरिकेत कायद्याने दिलेली, मोफत आणि चोवीस तास चालणारी सोय आहे. तिचं नाव टेलिकम्युनिकेशन्स रिले सर्व्हिस, बोलताना नुसतं रिले. आपल्या लोकांना ती फारशी ठाऊक नाही, आणि ठाऊक असलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या एक-दोन फोनांत अडखळून ती सोडून देतात. म्हणून निवड, नोंदणी, प्रत्यक्ष फोन आणि अडचणी अशा क्रमाने सगळं इथे लिहिते आहे.

मधला माणूस नेमकं काय करतो

रिलेच्या फोनमध्ये तीन जण असतात: कर्णबधिर व्यक्ती, समोरची ऐकणारी व्यक्ती आणि मध्ये ऑपरेटर. कर्णबधिर व्यक्ती टाइप करते किंवा खुणांच्या भाषेत बोलते. ऑपरेटर ते समोरच्याला आवाजात ऐकवतो, आणि समोरचा जे बोलेल ते टाइप करून किंवा खुणांनी परत पोचवतो. त्याचं अधिकृत पद कम्युनिकेशन्स असिस्टंट असं आहे, पण इथे ऑपरेटरच म्हणू.

त्याच्यावरची बंधनं समजली की निम्मा संकोच जातो. जे बोललं गेलं ते त्याने शब्दशः पोचवायचं असतं. तुम्ही स्वतः सांगितलंत तरच थोडक्यात. मजकूर मुद्दाम बदलायचा नाही, स्वतःचं मत घालायचं नाही, काय बोलणं झालं ते कोणाला सांगायचं नाही आणि फोन संपल्यावर संभाषणाची नोंद ठेवायची नाही. फोन सुरू झाल्यावर किमान १० मिनिटं ऑपरेटर मध्येच बदलता येत नाही. नाजूक विषयावर बोलायचं असेल तर स्त्री ऑपरेटर हवी अशी विनंती सुरुवातीलाच करता येते, आणि ती पुरी करण्याचा पुरेपूर प्रयत्न कंपनीने करावा असा नियम आहे.

ही सोय कोणी दयेपोटी दिलेली नाही. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिप्रिंटर साध्या फोनलाइनला जोडणारं यंत्र तयार केलं. त्यामागे जेम्स मार्स्टर्स या कॅलिफोर्नियातल्या कर्णबधिर दंतवैद्याचा पाठपुरावा होता. दोन यंत्रांवरचे दोन कर्णबधिर एकमेकांशी बोलू लागले, पण ज्याच्याकडे यंत्र नाही त्याच्याशी बोलायला मध्ये माणूस लागे, आणि तो बरीच वर्षं स्वयंसेवी संस्थांमधून मिळे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याच्या चौथ्या प्रकरणाने ही जबाबदारी टेलिफोन कंपन्यांवर टाकली आणि २६ जुलै १९९३ पर्यंत देशभर रिले सुरू करायला लावली. ऑक्टोबर २००१ पासून सगळीकडे त्यासाठी ७११ हा एकच क्रमांक आहे. खर्च टेलिकॉम कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून होतो. घरातले सगळे जे फोनबिल भरतात त्यातूनच हा पैसा येतो, त्यामुळे वापरताना कोणी ओशाळं होऊ नये.

पहिली पायरी: आपल्याला कोणता रिले हवा

इथे घाई करू नका. चुकीचा प्रकार निवडला की माणूस रिलेलाच दोष देऊन मोकळा होतो.

खुणांची भाषा सफाईने येत असेल तर व्हिडिओ रिले सर्वांत चांगला. फोनवर, टॅबलेटवर किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर पडद्यावर दुभाषी दिसतो, तुम्ही खुणा करता आणि तो जवळजवळ त्याच क्षणी बोलतो. टाइप करण्याचा वेळ जात नाही, राग, घाई, गंमतही पोचते. सोरेन्सन, कॉन्व्हो आणि झेडपी या तो देणाऱ्या कंपन्या आहेत.

पण भारतातून आलेल्यांसाठी यात एक मोठी मेख आहे. दुभाषी अमेरिकन सांकेतिक भाषेत खुणा करतो, आणि ती भारतीय सांकेतिक भाषेपेक्षा पूर्ण वेगळी आहे. मुळाक्षरांपासूनच फरक सुरू होतो: इंग्रजी अक्षरं आपल्याकडे दोन्ही हातांनी दाखवतात, अमेरिकेत एका हाताने. पुण्या-मुंबईच्या कर्णबधिर शाळेत शिकलेली, मित्रमंडळींत सराईतपणे खुणा करणारी मुलगी पहिल्यांदा व्हिडिओ रिले लावते आणि समोरचा दुभाषी काय म्हणतोय तेच तिला कळत नाही. तिच्यात काही कमी नसतं, भाषाच दुसरी असते. घरच्यांनी तेव्हा ‘तुला जमत नाही, मीच करतो’ म्हणून फोन काढून घेऊ नये. अमेरिकन सांकेतिक भाषेचे वर्ग अनेक कम्युनिटी कॉलेजांत आणि कर्णबधिरांच्या संस्थांत चालतात. ती शिकेपर्यंत लिखित रिले वापरावा.

लिखित रिलेचे दोन मार्ग आहेत. एक इंटरनेटवरचा: वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये टाइप करायचं, ऑपरेटर वाचून दाखवतो. दुसरा मोबाइलमधल्या रिअल टाइम टेक्स्टचा, म्हणजे आरटीटीचा. यात टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्याच क्षणी पुढे जातं. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत आरटीटी चालू करता येतं आणि तिथेच रिलेच्या क्रमांकाची जागा असते. तिथे ७११ आहे का बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनांतही ॲक्सेसिबिलिटीत किंवा फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये ही सोय असते. लिखित रिलेला इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवं, पण ते सफाईदार असण्याची गरज नाही. छोटी, तुटक वाक्यं पुरतात.

बोलता येतं पण ऐकू येत नाही, असं असेल तर आपण स्वतः बोलून फक्त उत्तर वाचायचं. याला व्हॉइस कॅरी ओव्हर म्हणतात. ऐकू येतं पण बोलता येत नाही, तर त्याच्या उलट. बोलणं अस्पष्ट आहे, पक्षाघातानंतर किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे, तर स्पीच टू स्पीच: असं बोलणं समजण्याचं प्रशिक्षण घेतलेला ऑपरेटर ते शब्द स्पष्ट करून सांगतो. हे प्रकार ७११ लावून मागता येतात.

उतारवयात ऐकू कमी आलेल्यांसाठी कॅप्शनचा फोन असतो. कॅपटेल, कॅप्शनकॉल, क्लिअरकॅप्शन्स, इनोकॅप्शन ही त्यातली ओळखीची नावं. फोन नेहमीसारखा करायचा, समोरच्याचं बोलणं पडद्यावर उमटतं. काही ठिकाणी ते माणूस लिहितो, काही ठिकाणी पूर्णपणे संगणक. मात्र ज्याला ऐकण्याची अडचण आहे आणि ज्याची नोंदणी आहे त्यानेच कॅप्शन चालू ठेवून हा फोन वापरायचा असा कायदा आहे. बाकीच्यांनी तोच फोन वापरताना कॅप्शन बंद करावी.

दुसरी पायरी: नोंदणी

नुसता ७११ लावायला कुठलीच नोंदणी लागत नाही. व्हिडिओ रिले, इंटरनेटवरचा लिखित रिले आणि इंटरनेटवर चालणारे कॅप्शनचे फोन यांना लागते. व्हिडिओ रिलेच्या कंपनीकडे नाव, राहत्या घराचा पत्ता, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि ‘मला ऐकण्याची किंवा बोलण्याची अडचण आहे’ असं स्वतःचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदार जोडीदारासोबत, आलेल्या पुष्कळांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो. नियमांत पर्यायी कागदपत्रांची वाट ठेवलेली आहे, म्हणून त्या एका रकान्यापाशी थांबून परत फिरू नका. कंपनीच्या मदत विभागाला लिहा आणि कोणती कागदपत्रं चालतील ते विचारा.

नोंदणी झाली की एक साधा दहा आकडी क्रमांक मिळतो, तुमच्या भागाच्या एरिया कोडचा. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हा क्रमांक कोणीही नेहमीसारखा लावला की दुभाषी आपोआप मध्ये येतो. लावणाऱ्याला रिलेबद्दल काहीही माहीत असण्याची गरज नाही. नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या फॉर्मवर, दवाखान्यात हाच क्रमांक द्या. नवऱ्याचा नको. शाळेत मुलाला ताप आला तर फोन आईलाच यायला हवा.

पत्ता मात्र नेहमी ताजा ठेवा. आपल्याकडे अपार्टमेंट दर दोन वर्षांनी बदलतं, आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला रिलेने फोन केल्यावर मदत याच नोंदलेल्या पत्त्याच्या आधारे पाठवली जाते. भाडेकरार बदलला त्याच दिवशी ॲपमधला पत्ता बदला.

तिसरी पायरी: फोन लावण्याआधी

एका कागदावर पाच-सहा गोष्टी लिहून ठेवा: कुठे फोन करायचा, कोणाशी बोलायचंय, काम काय, आपला विमा किंवा खाते क्रमांक, सोयीच्या तारखा. मराठी नावांची स्पेलिंग लिहून ठेवा आणि ऑपरेटरला फोन जोडण्याआधीच द्या. क्षीरसागर किंवा ज्ञानेश्वर हे नाव त्याने आयुष्यात ऐकलेलं नसतं. उच्चार कसा करायचा तेही सोप्या इंग्रजी अक्षरांत सांगा. समोर कोण उचलेल आणि काय काम आहे हे ऑपरेटरला आधी सांगणं बंधनकारक नाही, पण दुभाष्याला विषय कळला तर खुणा अचूक होतात. औषधांची नावं असतील तर नक्की सांगा.

व्हिडिओ रिले असेल तर उजेड चेहऱ्यावर येऊ द्या, पाठीमागे खिडकी नको, आणि हात कंबरेपासून डोक्यापर्यंत कॅमेऱ्यात दिसायला हवेत.

चौथी पायरी: प्रत्यक्ष फोन

लिखित रिलेचा एक साधा फोन कसा जातो ते बघा. बोलणं अर्थातच इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते.

ऑपरेटर टाइप करतो: रिंग वाजते आहे. पुन्हा वाजली. बाईंनी उचलला. ‘नमस्कार, डेंटल ऑफिस.’

आता ऑपरेटर त्यांना विचारतो की रिलेचा फोन कधी घेतला आहे का, नसेल तर दोन वाक्यांत समजावतो. तुम्ही टाइप करता: ‘नमस्कार, मी तुमची पेशंट आहे. दात साफ करायची वेळ हवी आहे. पुढच्या आठवड्यात सकाळी.’ आणि आपलं बोलणं संपलं की ‘जी’ आणि ‘ए’ ही दोन इंग्रजी अक्षरं टाइप करायची. ही जुन्या टेलिप्रिंटरच्या काळची खूण आहे: आता तुम्ही बोला. समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. दोघं एकाच वेळी सुरू झाले की गोंधळ होतो. आरटीटीत आणि व्हिडिओ रिलेत ही खूण लागत नाही.

ऑपरेटर कंसात आजूबाजूचं लिहितो तेही वाचा: हसल्या, संगीत लावलंय, कागद चाळतात. हे सगळं ऐकणाऱ्याला फोनवर आयतं मिळतं, आणि ते कळलं की समोरचा वैतागलाय की खरंच शोधतोय हे आपल्यालाही समजतं.

‘इंग्रजीसाठी एक दाबा’ थाटाच्या यांत्रिक आवाजापाशी नवशिके हमखास अडकतात. पर्याय टाइप होईपर्यंत वेळ संपते आणि फोन तुटतो. यावर उपाय असा की जोडण्याआधीच ऑपरेटरला सांगून ठेवा: ‘यंत्र लागलं तर थेट माणसाकडे न्या’ किंवा ‘अपॉइंटमेंटचा पर्याय दाबा’. ऑपरेटरला त्या फोनपुरतं यंत्राचं बोलणं रेकॉर्ड करून सावकाश पोचवता येतं, आणि परत लावावा लागला तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. समोर व्हॉइसमेल लागला तर निरोप एकाच दमात टाइप करून द्या आणि शेवटी आपला दहा आकडी क्रमांक दोनदा.

व्हिडिओ रिले दवाखान्यात समोरासमोर बसून वापरायचा नाही. डॉक्टर आणि पेशंट एकाच खोलीत असताना तो लावणं नियमबाह्य आहे. तिथे दुभाषी, प्रत्यक्ष किंवा स्क्रीनवर, आणणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे, त्यांच्या खर्चाने. ‘तुमच्या मोबाइलवर लावा ना’ असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नकार द्या आणि अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागून ठेवा.

समोरच्याने फोन ठेवला तर

ठेवतात. मधली शांतता आणि ‘मी रिले सेवेतून बोलतोय’ हे वाक्य ऐकून अनेकांना जाहिरातीचा फोन वाटतो. वहिनीचा फोन एका क्लिनिकमध्ये लागोपाठ ठेवला गेला होता. शेवटी तिने ऑपरेटरला सांगितलं, ‘पहिलं वाक्य असं म्हणा: तुमची एक कर्णबधिर पेशंट लाइनवर आहे, फोन ठेवू नका.’ तेव्हा काम झालं. सुरुवातीचं वाक्य काय असावं ते आपण ठरवू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

बँका आणि दवाखाने कधी म्हणतात की तिसऱ्या माणसासमोर आम्ही माहिती देऊ शकत नाही. याला ठाम उत्तर आहे. आरोग्य माहितीच्या गोपनीयतेचा केंद्रीय नियम रिलेवरून पेशंटशी बोलायला पूर्ण मुभा देतो, त्यासाठी ऑपरेटरशी वेगळा करार लागत नाही. आणि अपंगत्वविषयक कायद्याखाली सरकारी कार्यालयांनी आणि व्यवसायांनी रिलेचे फोन बाकीच्या फोनसारखेच घ्यायचे असतात. शांतपणे सुपरवायझर मागा, हे सांगा, नाव लिहून घ्या.

तुमच्याकडे रिलेचा फोन आला तर

अमेरिकेत दवाखाना, औषधांचं दुकान, मोटेल, पाळणाघर किंवा अकाउंटिंगचं ऑफिस चालवणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. हा भाग तुमच्यासाठी, आणि फोन उचलणाऱ्या तुमच्या माणसांसाठी.

फोन ठेवू नका. पहिल्या शांततेत थोडा धीर धरा. थेट कर्णबधिर माणसाशी बोला: ‘तुम्हाला मंगळवार चालेल का?’ असं, ‘त्यांना विचारा मंगळवार चालेल का’ असं नाही. ऑपरेटरचं मत विचारू नका, आणि ‘हे तिला सांगू नका हं’ म्हणून काही कुजबुजू नका, कारण तो ऐकलेलं सगळं पोचवतो. एका वेळी एकच प्रश्न, आकडे सावकाश. तुम्हाला लिखित रिले वापरणाऱ्याला फोन करायचा असेल तर ७११ लावा आणि त्यांचा क्रमांक सांगा.

संकटाच्या वेळी

व्हिडिओ रिलेवरून ९११ लावला तर तो इतर फोनांच्या पुढे घेतला जातो. लिखित रिलेनेही लावता येतो. शिवाय अनेक ठिकाणी ९११ ला थेट एसएमएस करता येतो. जिथे ती सोय नसेल तिथे तसं सांगणारा संदेश लगेच परत येतो, मग रिले किंवा आरटीटी वापरावं. एसएमएसमध्ये पहिल्याच ओळीत पत्ता आणि काय झालं ते लिहा, साध्या इंग्रजीत, संक्षेप न वापरता. सराव म्हणून ९११ लावू नये. आपल्या गावात एसएमएस चालतो का, हे पोलिसांच्या साध्या क्रमांकावर रिलेनेच विचारून ठेवता येतं, आणि पहिल्या सरावाचा फोन म्हणून ते उत्तम आहे.

मन खचलेल्या अवस्थेत मदतीसाठीचा ९८८ हा क्रमांक सप्टेंबर २०२३ पासून व्हिडिओफोनवरून लावता येतो, आणि तिथे मधल्या दुभाष्याशिवाय अमेरिकन सांकेतिक भाषेतच बोलता येतं.

सांगलीच्या आजीला फोन

७११ वर मराठी ऑपरेटर मिळत नाही. सेवा इंग्रजी आणि स्पॅनिशवर उभी आहे, म्हणून फक्त मराठी बोलणाऱ्या नातेवाइकांशी बोलायला रिलेचा उपयोग नाही. तिथे व्हॉट्सॲपवर लिहिणं किंवा व्हिडिओवर थेट खुणांनी बोलणं बरं. आजी लिहीत नसतील तर एक जोडरस्ता आहे: त्यांचा फोन स्पीकरवर घ्या आणि शेजारी दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर बोलणं लिहून दाखवणारं गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठी भाषा निवडून चालू करा. कोल्हापुरी किंवा मालवणी ढंगात ते चुकतं, पण संदर्भ माहीत असलेल्या घरगुती गप्पांना पुरतं.

भारतात सुट्टीला गेल्यावर व्हिडिओ रिले वापरायचा असेल तर निघण्याआधी कंपनीला तारखा आणि ठिकाण कळवून परवानगी घ्या. खास कारण नसेल तर ही मुभा जास्तीत जास्त ४ आठवड्यांची असते. भारतात ७११ सारखा सगळ्यांसाठीचा रिले क्रमांक नाही. ब्रिटनमध्ये नातेवाईक असतील तर तिथल्या सेवेचं नाव रिले यूके. लिखित फोनसाठी क्रमांकाआधी १८००१ लावतात, आणि जून २०२२ पासून ९९९ या तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकासाठी ब्रिटिश सांकेतिक भाषेची व्हिडिओ सेवाही आहे.

तक्रार कशी करायची

प्रत्येक ऑपरेटर सुरुवातीला आपला क्रमांक सांगतो. तो, तारीख आणि वेळ दरवेळी टिपून ठेवा, सगळं सुरळीत झालं तरी. ऑपरेटर चुकला, उद्धट वागला किंवा मजकूर गाळला असं वाटलं तर आधी रिले कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर ७११ च्या सेवेबद्दल आपल्या राज्याच्या रिले कार्यालयाकडे आणि बाकी प्रकारांबद्दल फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या केंद्रीय दूरसंचार नियामकाकडे. कमिशनची अमेरिकन सांकेतिक भाषेतली थेट व्हिडिओ लाइनही आहे. एखाद्या व्यवसायाने रिलेचा फोन घ्यायलाच नकार दिला, तर ती तक्रार वेगळी: ती न्याय खात्याच्या अपंगत्व हक्क विभागाकडे जाते. दोन्हीकडे लिहिताना काय बोलणं झालं ते ओळीने लिहा, लिखित रिले असेल तर संभाषणाची प्रत जोडा, आणि खाली सही ज्या व्यक्तीचा फोन होता तिचीच असू द्या.